तीन मशीन, तीन आकडे: ऑपरेशनआधी कोणाचं खरं धरायचं?

पत्र (थोडं संक्षिप्त करून)

मी डिचोली तालुक्यातली. वय ४८, पाळी अजून सुरू आहे. आमच्या आरोग्य केंद्रात ‘स्वस्थ महिला, स्वस्थ गोवा’ची तपासणी होती. तिथं नर्सबाईंनी छातीवर ते हातात धरायचं छोटं यंत्र फिरवलं आणि डाव्या बाजूला काहीतरी कडक लागतंय म्हणून पुढं पाठवलं. मॅमोग्राफी झाली, सोनोग्राफी झाली, सुईची बायोप्सी झाली. डक्टल कार्सिनोमा, म्हणजे दुधाच्या नळ्यांचा कॅन्सर, असं आलं. रिसेप्टरचा रिपोर्ट अजून यायचा आहे. काखेत काही नाही म्हणाले.

माझा गोंधळ असा. मॅमोग्राफीत गाठ १८ मिलिमीटर. सोनोग्राफीत २३. बायोप्सीनंतर आठ-दहा दिवसांनी, माझ्या पाळीच्या अगदी तोंडावर, एमआरआय केला, त्यात ३१! शिवाय गाठीपासून ३ सेंटिमीटरवर ७ मिलिमीटरचा आणखी एक ठिपका दिसतोय. सर्जन म्हणतात, तेवढीच जागा धरून पुन्हा सोनोग्राफी करू, मग ऑपरेशन ठरवू. पंधरा दिवसांत गाठ एवढी वाढली का? पुण्याचे दीर म्हणतात पेट स्कॅन करा, एकदाच काय ते कळेल. सासूबाई म्हणतात सारख्या सुया टोचल्या तर पसरेल. मला तर वाटतं, सगळं स्तनच काढून टाकावं आणि मोकळं व्हावं. चवथही (गणेश चतुर्थी) जवळ आली. काय करू?

उत्तर

ताई, सप्रेम नमस्कार.

मॅमोग्राफी, सोनोग्राफी, एमआरआय वाचणं हे माझं रोजचं काम. त्यामुळे तुमच्या पत्रातले तीन आकडे वाचून मला धक्का बसला नाही. ते तसे येतातच. पण असे तीन कागद हातात घेऊन रात्र काढणाऱ्या बाईला हे कुणी समजावून सांगत नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

आधी सगळ्यात मोठी भीती काढून टाकू. तुमची गाठ पंधरा दिवसांत १८ ची ३१ झालेली नाही. व्यास तेवढा वाढायचा तर गाठीचं आकारमान पाचपट व्हावं लागतं. स्तनाच्या कॅन्सरची गाठ नुसती दुप्पट व्हायलाही साधारणपणे काही महिने लागतात. गाठ तीच आहे. तिच्याकडे तीन निरनिराळ्या पद्धतींनी पाहिलं गेलं, एवढंच.

मॅमोग्राफी म्हणजे एक्स-रे. दोन पट्ट्यांमध्ये स्तन दाबून काढलेलं सावलीचं चित्र. चरबी काळसर दिसते, दुधाच्या ग्रंथींचा भाग पांढरा दिसतो आणि दुर्दैवानं गाठही पांढरीच दिसते. तुमच्या रिपोर्टमध्ये घनता ए, बी, सी, डी यांपैकी एका अक्षरानं लिहिलेली असेल. ते अक्षर शोधा. पाळी सुरू असलेल्या बऱ्याच बायकांचं ते सी किंवा डी येतं, म्हणजे स्तन दाट. दाट स्तनात गाठ शोधणं म्हणजे श्रावणातल्या धुक्यात शेतात उभा असलेला बगळा शोधणं. चोच दिसते, पाठ दिसत नाही. गाठीचा जो भाग उघड्यावर आहे तेवढाच मोजला जातो. म्हणून १८. पण मॅमोग्राफीला कमी लेखू नका. कॅल्शियमचे बारीक कण तिच्याइतके स्वच्छ दुसरं कुणीच दाखवत नाही. दुधाच्या नळ्यांच्या आतच असलेला, अजून बाहेर न पडलेला कॅन्सर बहुतेक वेळा याच कणांमुळे सापडतो. तुमच्या रिपोर्टमध्ये गाठीच्या आजूबाजूला असे कण असल्याचं लिहिलंय का, हे सर्जनना जरूर विचारा. त्याचं कारण पुढं येतंय.

सोनोग्राफीत आवाजाच्या लहरी असतात, किरण नसतात. दाट स्तनात ती चांगली चालते, कारण तिथं ग्रंथी उजळ दिसतात आणि गाठ काळी. स्क्रीनवर चित्र थांबवून आम्ही गाठीच्या एका कडेवर फुली ठेवतो, दुसऱ्या कडेवर दुसरी, आणि मशीन आकडा देतं. आता गंमत अशी की कित्येक गाठींभोवती एक धूसर, उजळ कडं असतं. गाठीची मुळं आजूबाजूच्या भागात शिरत असतात, ती जागा. फुली त्या कड्याच्या आत ठेवली की आकडा लहान, बाहेर ठेवली की मोठा. एकाच बाईची गाठ दोन चांगल्या डॉक्टरांनी मोजली तरी तीन-चार मिलिमीटरचा फरक पडू शकतो. गाठ मोठी असली की सोनोग्राफी साधारणपणे कमीच मोजते, आणि नळ्यांमधला कॅन्सर तिला फारसा दिसत नाही. पण तिची एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. सोनोग्राफी तुम्ही उताण्या झोपून, हात डोक्याकडे घेऊन करता. ऑपरेशनच्या टेबलावरही जवळजवळ तशाच असता. म्हणून सोनोग्राफीनं दाखवलेली जागा सर्जनच्या सुरीला थेट उपयोगी पडते. काखेतल्या गाठी बघायला आणि संशय आला तर त्यातून सुईनं नमुना घ्यायलाही सोनोग्राफीच लागते.

एमआरआयमध्ये तुम्ही पालथ्या झोपलात, स्तन खाली मोकळे सोडलेले होते, शिरेतून गॅडोलिनियमचं औषध गेलं. एमआरआय मुळात गाठ बघत नाही, रक्ताचा ओघ बघतो. कॅन्सरभोवती नव्यानं फुटलेल्या रक्तवाहिन्या गळक्या असतात, औषध तिथं भरभर शिरतं आणि ती जागा उजळते. धुक्याचा त्रास इथं नाही, म्हणून कॅन्सर हुकण्याचं प्रमाण तिन्हींत एमआरआयचंच सगळ्यात कमी. मात्र उजळणारं सगळंच कॅन्सर नसतं. पाळीच्या आधीच्या दिवसांत संप्रेरकांमुळे साधा ग्रंथींचा भागही उजळतो. बायोप्सीच्या सुईनं आत जे रक्त साकळलेलं असतं, त्याच्या कडा उजळतात. तुमचा एमआरआय नेमका पाळीच्या तोंडावर आणि बायोप्सीनंतर थोड्याच दिवसांत झाला. तपासणी निवांत ठरवायची असती तर पाळीचा दुसरा आठवडा बरा असतो. पण कॅन्सर ठरलेला असताना त्यासाठी थांबत बसत नाहीत, आणि तुमच्या डॉक्टरांनी तसं केलं नाही हे बरोबरच केलं. फक्त ३१ हा आकडा वाचताना या दोन्ही गोष्टी ध्यानात ठेवायला हव्यात.

मग खरा आकडा कोणता? कदाचित २३ ही खरा आणि ३१ ही खरा. आजूबाजूच्या शरीरात शिरलेला कॅन्सर, ज्याला डॉक्टर इन्व्हेझिव्ह म्हणतात, तो २३ मिलिमीटरचा असेल आणि त्याच्या अवतीभवती नळ्यांमधल्या कॅन्सरची शेपटी असेल, तर एमआरआय दोन्ही मिळून ३१ सांगेल. शेवटचं माप ऑपरेशननंतर पॅथॉलॉजिस्ट घेतो, काढलेला भाग कापून, सूक्ष्मदर्शकाखाली. गाठीचा टप्पा ठरवताना फक्त इन्व्हेझिव्ह भागाची लांबी धरतात, नळ्यांमधला भाग त्यात मोजत नाहीत. पण ऑपरेशनमध्ये मात्र तो सगळा निघायला हवा, नाहीतर कडेला राहतो. कॅल्शियमच्या कणांबद्दल विचारा असं वर म्हटलं ते म्हणूनच. कण गाठीच्या पलीकडे पसरलेले असतील तर एमआरआयचा ३१ खरा असण्याची शक्यता वाढते.

इथं माझं ठाम मत सांगते. कोणतं मशीन भारी, हा प्रश्न ऑपरेशनआधी विचारायचाच नाही. विचारायचं ते असं: या तपासणीचं उत्तर काय आलं तर माझं ऑपरेशन बदलेल? आणि बदलणार असेल, तर त्या उत्तरावर सुईनं शिक्कामोर्तब झालंय का? पहिल्या प्रश्नाला उत्तर नसेल तर ती तपासणी करू नका. दुसऱ्याचं उत्तर ‘नाही’ असेल तर ऑपरेशन बदलू देऊ नका.

एमआरआय सगळ्यांनाच ऑपरेशनआधी करावा का, यावर डॉक्टरांमध्येही वाद आहे आणि तो प्रामाणिक वाद आहे. ब्रिटनमध्ये १६२३ बायकांवर कोमिस नावाची चाचणी झाली, २०१० साली ती प्रसिद्ध झाली. निम्म्या बायकांना नेहमीच्या तपासण्यांवर एमआरआय दिला, निम्म्यांना दिला नाही. पुन्हा ऑपरेशन करावं लागण्याचं प्रमाण दोन्हीकडे १९ टक्के. म्हणजे सरसकट काही फायदा नाही. उलट स्वीडनमध्ये ५६ वर्षांखालच्या ४४० बायकांवरची चाचणी २०१४ साली आली, तिच्यात एमआरआय झालेल्यांना पुन्हा ऑपरेशन ५ टक्के आणि न झालेल्यांना १५ टक्के. मला यातून असं दिसतं की वय कमी, स्तन दाट, दोन तपासण्यांच्या आकड्यांत फरक, किंवा बायोप्सीत लोब्युलर (दूध तयार करणाऱ्या ग्रंथींचा) प्रकार, अशा वेळी एमआरआयला अर्थ आहे. लोब्युलरच्या पेशी एकामागून एक ओळीनं पसरतात, धड गाठ करत नाहीत, त्यामुळे मॅमोग्राफी आणि सोनोग्राफी दोन्ही फसतात. तुमचा प्रकार डक्टल आहे, पण वय ४८ आणि आकड्यांत फरक होता. तुमच्या सर्जननी एमआरआय सांगितला तो उगाच नव्हे.

आता तो ७ मिलिमीटरचा ठिपका. तुमच्या पत्रातली खरी महत्त्वाची गोष्ट हीच आहे, १८ की ३१ ही नव्हे.

जगभरातल्या १९ अभ्यासांतल्या २६१० बायकांचा एकत्र हिशेब २००८ साली मांडला गेला. त्यात ऑपरेशनआधी एमआरआय केल्यावर साधारण १६ टक्के बायकांमध्ये त्याच स्तनात आणखी कॅन्सर सापडला होता. पण एमआरआयनं ‘इथं आणखी काही आहे’ असं म्हटलं, अशा दर तीनांपैकी जवळजवळ एक इशारा खोटा निघाला होता. तिथं कॅन्सर नव्हता. या एकाच गोष्टीसाठी मी हे उत्तर एवढं लांबवते आहे. नुसत्या एमआरआयच्या ठिपक्यावरून, सुई न टाकता, आख्खं स्तन काढलेल्या बायका असतात. त्यांतल्या काहींना नंतर कळतं की तो ठिपका साधा होता. ते परत आणता येत नाही.

तुमचे सर्जन म्हणतात ती सोनोग्राफी नेहमीची सोनोग्राफी नाही. एमआरआयची चित्रं समोर ठेवून, ‘गाठीपासून एवढ्या अंतरावर, त्वचेपासून एवढं खोल’ असं ठरवून तेवढीच जागा धुंडाळायची. अशा शोधात निम्म्याहून थोडे जास्त ठिपके सापडतात. पालथं आणि उताणं झोपण्यात स्तनाचा आकार बदलतो, म्हणून सगळे सापडत नाहीत. सापडला तर तिथूनच सुईनं नमुना घ्यावा आणि जागी धातूची बारीक क्लिप सोडावी, म्हणजे नंतर ती जागा हरवत नाही. सापडला नाही तर ‘चला, काही नाही’ असं म्हणून सोडून देऊ नका, कारण तो एमआरआयवर होताच. मग एमआरआयच्या मार्गदर्शनाखाली बायोप्सी करावी लागते. ती सोय मोजक्या मोठ्या केंद्रांत असते आणि त्यासाठी मुंबईलाही जावं लागू शकतं. हे आत्ताच विचारून ठेवा.

समजा तिथंही कॅन्सर निघाला. तरी स्तन काढणं हा एकच रस्ता उरत नाही. अमेरिकेत ४० वर्षांवरच्या, एकाच स्तनात दोन किंवा तीन जागी कॅन्सर असलेल्या २०४ बायकांच्या फक्त गाठी काढून नंतर रेडिएशन दिलं. पाच वर्षांत त्याच स्तनात कॅन्सर परत येण्याचं प्रमाण ३.१ टक्के होतं. हा अभ्यास २०२३ साली प्रसिद्ध झाला. तुमच्या बाबतीत सर्जन विचार करतील तो एकूण पट्ट्याचा: ३१ मिलिमीटरची गाठ, मधलं अंतर, ७ मिलिमीटरचा ठिपका, मिळून जवळजवळ सात सेंटिमीटर. एवढा भाग काढून उरलेल्या स्तनाला आकार देता येईल का, हे तुमच्या स्तनाच्या मापावर अवलंबून आहे. ते तुम्हाला तपासूनच सांगता येतं. आकार दुरुस्त करणारी ऑन्कोप्लास्टी हा शब्द तुम्हीच काढा. काही ठिकाणी विचारल्याशिवाय कुणी बोलत नाही.

‘सगळंच काढून मोकळं व्हावं’ हे मला पुरतं समजतं. पण ते मोकळं होणं आयुष्य वाढवतं का, हे तपासून झालेलं आहे. अमेरिकेत आणि इटलीत मिलानमध्ये झालेल्या दोन मोठ्या चाचण्यांचे २० वर्षांनंतरचे निकाल २००२ साली आले. स्तन राखून गाठ काढलेल्या आणि स्तन काढलेल्या बायका सारख्याच जगल्या. स्तन राखलं तर रेडिएशनला काही आठवडे रोजची ये-जा असते, ते घरच्या माणसांशी आधी बोलून ठेवावं लागतं. सगळं समजून, रेडिएशन नको म्हणून किंवा मनाची शांती म्हणून तुम्ही स्तन काढायचं ठरवलंत, तर तोही योग्यच निर्णय, आणि त्याबद्दल कुणी तुम्हाला दोन शब्द ऐकवू नयेत. फक्त तो भीतीच्या पहिल्या आठवड्यात होऊ नये, आणि त्या ठिपक्याच्या भरवशावर तर मुळीच नको.

दिरांना सांगा, पेट स्कॅन हे सगळ्यात मोठं मशीन असेल, पण तुमच्या प्रश्नाचं उत्तर त्याच्याकडे नाही. साखरेसारखं किरणोत्सारी औषध शरीरात कुठं जास्त खर्च होतंय, ते पेट दाखवतो. स्तनातला सेंटिमीटरहून लहान ठिपका त्याच्या नजरेतून सुटू शकतो. उलट जुन्या क्षयाच्या गाठी, सूज, असलं काहीबाही उजळतं, मग त्याच्या मागं आणखी स्कॅन, आणखी सुया, आणखी आठवडे. गाठ मोठी असेल, काखेतल्या गाठी भरलेल्या असतील, हाडं दुखत असतील किंवा यकृताच्या तपासण्या बिघडल्या असतील, तर पेटची जागा आहे. लहान गाठ आणि स्वच्छ काख असताना नाही.

सासूबाईंची काळजी जुनी आहे, बऱ्याच घरांत ऐकू येते. सुईच्या बायोप्सीनं आयुष्य कमी होतं, असं दिसून आलेलं नाही. सुई न टाकता चुकीचं ऑपरेशन झालं तर जे नुकसान होतं ते मात्र रोज दिसतं. त्यांना जवळ बसवून हे सांगा, त्या तुमच्या भल्यासाठीच बोलताहेत.

एक गोष्ट पत्रात तुम्ही जाता जाता लिहिलीत, ती मला मोठी वाटते: रिसेप्टरचा रिपोर्ट यायचा आहे. ईआर आणि पीआर म्हणजे कॅन्सरच्या पेशींवर संप्रेरकांचा परिणाम होतो का ते, आणि हर-टू म्हणजे पेशींना वाढायला लावणारं एक प्रथिन जास्त आहे का ते. तो आल्याशिवाय ऑपरेशनची तारीख पक्की करू नका. हर-टू पॉझिटिव्ह आला किंवा तिन्ही निगेटिव्ह आले, तर दोन सेंटिमीटरच्या पुढच्या गाठीला बहुतेकदा आधी केमो देतात आणि मग ऑपरेशन. बघा, १८ की २३ हा फरक इथं खरोखर कामाला येतो! आधी केमो ठरली तर गाठ विरघळून दिसेनाशी होऊ शकते, म्हणून सुरू करण्याआधी गाठीतही क्लिप बसवून घ्यायलाच हवी.

आरोग्य केंद्रातलं ते छोटं यंत्र मांसाचा कडकपणा जोखतं, चित्र काढत नाही. त्याच्यावर पुढचं काही ठरत नाही. पण त्यानं तुम्हाला वेळेवर पाठवलं, आणि तुम्ही गेलात. गावातल्या इतर बायकांना तेवढं जरूर सांगा.

चवथीचं म्हणाल तर पुन्हा सोनोग्राफी, सुई आणि रिसेप्टर यांना दोन-तीन आठवडे गेले तरी चालतील. त्यापुढं मात्र लांबवू नका. हे रिपोर्ट आल्यावर ऑपरेशनची तारीख चवथीच्या आधी मिळाली तर ती घ्या, गणपतीवरची फळापानांची माटोळी यंदा जाऊबाई बांधतील.

आता पुढच्या भेटीला नुसते रिपोर्टचे कागद नेऊ नका. मॅमोग्राफीच्या फिल्म आणि एमआरआयची सीडी न्या, कारण दुसऱ्या डॉक्टरला कागदावरून ठिपका शोधता येत नाही. सोनोग्राफी करणाऱ्या डॉक्टरांना सीडी आदल्या दिवशी पोचवता आली तर फारच उत्तम. एमआरआय आणि सोनोग्राफी एकाच डॉक्टरनं पाहिली, तर ठिपका सापडण्याची शक्यता वाढते, हे मागून घ्या. बांबोळीला गोवा मेडिकल कॉलेजात किंवा मुंबईला टाटा हॉस्पिटलमध्ये दुसरं मत घ्यायचं असेल तर बायोप्सीच्या काचा आणि ब्लॉक (मेणात जपलेला नमुना) लॅबमधून सही करून परत मिळतात, तो तुमचा हक्क आहे. गोवा सरकारच्या दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेचं कार्ड असेल तर कोणता खर्च त्यात बसतो, ते बायोप्सी ठरवण्याआधीच इस्पितळातल्या योजनेच्या टेबलावर विचारा. आणि त्या ठिपक्याच्या सुईचा रिपोर्ट हातात आला की मला पुन्हा लिहा, मी वाट पाहीन.